निळ्या पिंपातली खजुरी

सुवैरा, ३ एप्रिल

धाकट्या,

सलाम. तुझी तब्येत बरी असेल असं धरून चालतो, कारण तू स्वतःहून सांगणार नाहीस. शिष्टाचाराच्या आणखी चार ओळी लिहिल्या असत्या, पण रय्या मागे उभी आहे. म्हणते, "सात वर्षांनी भावाला पत्र लिहिताय, मुद्द्यावर या. तो पहिल्या पानातच कंटाळेल."

हे पत्र कागदावर का, ते आधी सांगतो. फोनवर तू मला बंद करून ठेवलंयस. माझ्या हारिसच्या फोनवरून केला, तर त्यालाही बंद केलंस. मग इमामसाहेबांच्या फोनवरून केला, तर तू इमामसाहेबांनाही बंद केलंस. त्यांनी ते फार मनाला लावून घेतलंय. शेवटी निजव्याच्या पोस्टात गेलो आणि जिनिव्हाचं तिकीट मागितलं. खिडकीतली मुलगी म्हणाली, "काका, पत्र? म्हणजे खरं पत्र?" आणि तिने आतून दोघांना बघायला बोलावलं.

मुद्दा असा. गेल्या जुम्म्याला सबल्याच्या दालनात गावाची बैठक झाली आणि शेख मुहन्नांनी यादी वाचली. आजोबांच्या काळच्या दुष्काळातला नियम तुला आठवत असेल: ज्याच्या पाण्याखाली सात वर्षं एकही जिवंत झाड उभं नाही, त्याचं पाणी गावाच्या पाटाला परत. इतकी वर्षं पाट भरून वाहत होता, तेव्हा नियम कुणाला आठवला नाही. यंदा फलजचं, म्हणजे त्याच पाटाचं, पाणी निम्म्यावर आलंय, तर सगळ्यांना आजोबा आठवले.

यादीत नऊ नावं आहेत. दुसरं तुझं. जहरान बिन सानी, चार अथर. वडिलांनी तुझ्या नावे ठेवलेले, दर आठव्या दिवशीचे ते दोन तास. ऑगस्टअखेर मुदत आहे. तोवर झाड दिसलं नाही तर पाणी पाटाच्या शेपटाकडच्या मळ्यांना जाणार, आणि शेपटाकडचं पहिलं नाव झुवैनाचं. आपल्या चुलतभावाची बायको, तो वारल्यापासून एकटी लसूणघास आणि बकऱ्या सांभाळते. तिची जीभ तुला माहीत आहेच. वयाबरोबर ती आणखी धारदार झालीय.

मी या गावचा अरीफ. एकतीस वर्षं लमदाच्या खांबाची सावली बघून पाणी वाटतोय. सावली कोणत्या दगडावर आली की मातीचं दारं मोडून कुणाच्या मळ्यात पाणी सोडायचं, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. घड्याळं आली, मोबाइल आले, तरी लोक मलाच विचारतात, निदान माझ्यासमोर तरी. आता माझ्याच भावाचं पाणी मी माझ्याच हातांनी दुसऱ्याच्या मळ्यात सोडू?

तुझी सात झाडं भुंग्याने गेली, त्याला कोण काय करणार. तांबडा भुंगा मालकाचं नाव विचारून येत नाही. तुला ते तेव्हाही पटलं नाही. कॉफी पुढे केली होती, ती न पिता निघून गेलास. असो.

हारिस म्हणतो, काकांचं काम असलंच आहे: आकाशात जागा धरायच्या. कंपन्यांना उपग्रह ठेवायला जागा लागते, ती तू जिनिव्हात बसून मिळवून देतोस. खरं का? असेल तर मला सांग, तिकडे ज्याच्याकडे ठेवायला काही नाही आणि जागाही सोडवत नाही, तो माणूस काय करतो? नाहीतर सरळ तू ये आणि झाड लाव.

तुझा थोरला,
खल्फान

(खाली, दुसऱ्या अक्षरात) भाऊजी, भुंग्याचं मनावर घेऊ नका. तिकडे थंडी फार, डोकं झाकत जा. — रय्या


सुवैरा, २९ एप्रिल

जहरान,

तुझं कार्ड मिळालं. पुढे तळं आणि त्यात ते उंच कारंजं, मागे चार ओळी. एवढं पाणी नुसतं वर उडवून परत पाडतात, त्या गावात तू राहतोस, तर आमच्या चार अथरांचं तुला काय वाटणार. पण चार ओळी म्हणजे चार ओळी. रय्याने कार्ड फळीवर उभं करून ठेवलंय.

तू लिहितोस: "आमच्याकडे एखादा जुना, मरायला टेकलेला उपग्रह आणतात. जागेवर नव्वद दिवस उभा करतात, वापर सुरू झाला असं लिहून घेतात, आणि पुढच्या जागेवर नेतात. तूही एखादं म्हातारं झाड आणून उभं कर. तुला जमेल."

रय्या म्हणते हा टोमणा आहे. मी म्हणतो हा सल्ला आहे. ती म्हणाली, "शेवटचं 'तुला जमेल' परत वाचा." परत वाचलं. मला तर त्यात विश्वास दिसला.

हारिसने मला वहीवर काढून दाखवलं. पृथ्वीच्या पोटाभोवती, खूप वर, एकच गोल रस्ता आहे म्हणे. तिथे ठेवलेली वस्तू डोक्यावर एका जागी थांबल्यासारखी राहते. म्हणूनच गावातल्या सगळ्या छतांवरच्या ताटल्या एकाच बाजूला तोंड करून बसल्यात. मला वाटायचं हमूद वाण्याने माझी नक्कल केलीय. रस्ता एक, जागा मोजक्या, आणि जो आधी नाव लिहील त्याची जागा. नाव लिहिलं की सात वर्षांत तिथे काहीतरी नेऊन ठेवायचं. बघ, आजोबांना आणि जिनिव्हाच्या साहेबांना, दोघांनाही सातच सुचले.

मी म्हटलं, हारिस, हे तर मला येतंय. जुम्म्याच्या नमाजला पहिल्या रांगेत डोक्याला गुंडाळायचा आपला मसर ठेवून हमूद घरी कॉफी प्यायला जातो, तेच हे. हमूदचा मसर जमिनीवर असतो, यांचा आकाशात, एवढाच फरक.

तर तुझ्या सल्ल्याप्रमाणे वागलो आहे. निजव्याच्या रस्त्यावर रोपवाटिका आहे, तिच्या मागे एक खजुरी पडून होती. कुठल्याशा हॉटेलच्या दारात शोभेला ठेवलेली, हॉटेल बंद पडलं. निळं प्लास्टिकचं पिंप अर्धं कापून त्यात लावलेली. तिथला माळी म्हणाला, "चाचा, ही नेऊ नका. ही जगत पण नाही आणि मरत पण नाही."

मी म्हटलं, "अगदी अशीच हवीय."

गुरुवारी ती तुझ्या मळ्यात उभी केली. आजोबांच्या नियमात "जिवंत झाड उभं" एवढंच आहे. मुळं जमिनीत हवीत असं त्यांनी कुठे म्हटलेलं नाही. त्यांना पिंप माहीत नव्हतं, हा काही माझा दोष नाही.

खल्फान


सुवैरा, ५ जून

जहरान,

मुबारक. तुझं झाड पास झालं.

शेख मुहन्ना स्वतः आले, बरोबर पंचांपैकी दोघे. शेखांनी पिंपाला तीन प्रदक्षिणा घातल्या, काठीने टकटक केलं.

"अबू हारिस, हे काय आहे?"

"खजुरी आहे, शेख."

"ते दिसतंय मला. पिंपात का?"

"लहान आहे अजून."

"लहान? हिचं वय तुझ्या हारिसएवढं असेल!"

"हारिसही अजून घरातच आहे, शेख."

हिरवी अशी एकच झावळी होती, ती त्यांनी दोन बोटांत धरून पाहिली. मग म्हणाले, दहा दिवस उभी दिसली तर नोंद करीन. दहा दिवस उभी दिसली. नोंद झाली.

इथपर्यंत सगळं आपल्या दोघांतच होतं. अकराव्या दिवशी हमूद आला, हातात हलव्याचं ताट घेऊन. त्याचा भाऊ मस्कतला असतो, यादीत चौथं नाव.

"तुझं झाड सध्या काय करतंय?" हमूदने विचारलं.

"उभं आहे."

"मग आता दहा दिवस माझ्या भावाकडे उभं राहू दे की. त्याला काय, इथे काय आणि तिथे काय."

हलवा केशराचा होता. शिवाय झाड उचलायला त्याची पिकअप होती. मी हो म्हटलं. हमूदचं झालं तसे बाकीचे सातही आले. कुणी मध आणला, कुणी नुसतंच "अबू हारिस, तुझं डोकं म्हणजे डोकं" असं म्हटलं, आणि खरं सांगतो, मधापेक्षा तेच गोड लागलं. आता हारिसने तारखांचा तक्ता करून भिंतीवर लावलाय. दर दहा दिवसांनी खजुरी पिकअपमधून निघते. इतकी फिरते म्हणून गावाने तिला "हाजीण" नाव ठेवलंय.

मधे तिची हिरवी झावळी मोडली. हमूदने आपल्या झाडाची एक तोडून तारेने बांधली. लांबून कळत नाही. जवळून कळतं, पण शेखांना गुडघ्यांचा त्रास आहे. तुझ्या उपग्रहालाही असं काही बांधतात का?

काल झुवैना आली. उंबऱ्यावरच उभी राहिली.

"अबू हारिस, तुझी हाजीण माझ्या दारावरून तिसऱ्यांदा गेली. एवढी फिरते, दमत असेल बिचारी. एकदा माझ्याकडेही थांबव."

"तुझ्याकडे तर झाडं आहेत, झुवैना. तुला कशाला हवी?"

"झाडं आहेत, पाणी नाही. तिच्याकडे पाणी आहे आणि झाडाचा पत्ता नाही. म्हटलं, दोघांची भेट घालून द्यावी."

मी हसलो. ती हसली नाही.

खल्फान


सुवैरा, २३ जून

जहरान,

दोन पानं! पहिल्याच ओळीत तू मला गाढव म्हटलंयस, पण पानं दोन आहेत. रय्याने ती ओळ दोनदा मोठ्याने वाचून घेतली.

"तू खरंच केलंस?" असं विचारतोस. तूच तर सांगितलंस. आणि तुमचंही वाचलं सगळं. तुझ्या कंपनीने पाच जागांवर नाव लिहून ठेवलंय आणि उपग्रह एकच, तोही म्हातारा. सध्या तो तिसऱ्या जागेवर उभा आहे. त्याच जागेसाठी तुमच्या मागे रांगेत कुठलीशी बेटं उभी आहेत. त्यांचं नाव तू लिहिलंस, पण मला काही उच्चारता आलं नाही. त्यांचा डॉक्टर एका बेटावर आणि आजारी माणसं बाकीच्या चाळीसांवर. फोन लागला तर लागला. त्यांची बाजू मांडणाऱ्या लुपेबाई बैठकीत तुझ्या मागच्या खुर्चीवर बसतात आणि दुपारी डबा उघडून तुलाही बिस्किटं देतात. तू लिहितोस, "त्या रागावत नाहीत, हाच त्रास आहे."

हे बरोबर आहे का, असं मी विचारणार होतो. तू आधीच उत्तर देऊन टाकलंयस: "नियमात बसतं." जहरान, मी शेखांना हेच म्हटलं होतं. अगदी हेच दोन शब्द. तुझ्या अक्षरात ते पाहिले आणि मला कसंतरीच झालं. आपण दोघे एका आईची मुलं आहोत हे एरवी कुणाला पटत नाही.

मंगळवारी पाटाच्या कडेने शेपटापर्यंत चालत गेलो. दोन वर्षांत गेलो नव्हतो. अरीफने जायला हवं, पण ऊन असतं. झुवैनाची पाळी चालू होती. पाणी तिच्या मळ्यात शिरतं आणि चार पावलांवर जिरतं. लसूणघास राखेच्या रंगाची झालीय. सहा बकऱ्या होत्या, चार दिसल्या. झुवैना विळा घेऊन वाळकी घास कापत होती.

येताना तुझ्या मळ्यावरून आलो. तुझी पाळी नुकतीच होऊन गेली होती. दोन तासांचं पाणी, मी स्वतः सावली बघून सोडलेलं. सगळं वाळूत. हाजीण त्या दिवशी दुसरीकडे होती. पिंपाच्या जागी गोल डबकं होतं आणि त्यात चिमण्या आंघोळ करत होत्या. एकतीस वर्षांत पाण्याचा एक थेंब इकडचा तिकडे होऊ दिला नाही म्हणून मी मिरवतो. आता मोजून मापून वाळूत ओततोय.

पण ऑगस्टपर्यंतचाच प्रश्न आहे. आणि मी वाटणारा आहे, ठरवणारा नाही.

खल्फान

(दुसऱ्या अक्षरात) भाऊजी, मी झुवैनाला रोज दोन बादल्या पोचवते. ह्यांना माहीत नाही. म्हणजे माहीत आहे, पण ते तेव्हा तोंड फिरवून बसतात. — रय्या


सुवैरा, ११ जुलै

जहरान,

हे पत्र बसून वाच.

शेखांना संशय आला. त्यांनी जाहीर केलं की शनिवारी सकाळी नऊही मळे एकाच फेरीत बघणार. शुक्रवारी रात्री माझ्या घरी नऊ जण जमले, आणि हमूदने योजना मांडली. शेख पुढच्या गल्लीने काठी टेकत जाणार. हाजीण मागच्या गल्लीने पिकअपमधून त्यांच्या आधी पोचणार. शेखांचा वेग सगळ्यांना ठाऊक आहे. मी "हे जरा जास्तच होतंय" म्हटलं, पण हळू म्हटलं.

पहिले चार मळे पार पडले. प्रत्येक ठिकाणी शेख आले, बघितलं, मान डोलावली आणि पुढे गेले. पाचव्याला जाताना, जिथून गाव प्यायचं पाणी भरतं त्या वळणावर, हमूदने, मी शेजारी बसलेला असताना, पिकअप जोरात वळवली आणि हाजीण उडाली. पिंपासकट सरळ पाटात. अशी चपखल बसली की जणू पाट तिच्या मापानेच बांधला होता. पाणी तुंबलं, काठावरून वर आलं, मशिदीच्या पायऱ्यांपर्यंत गेलं आणि पायऱ्यांवरच्या चपला घेऊन बाजाराच्या दिशेने निघालं. इमामसाहेबांची एक अजून सापडलेली नाही. आधी तुझा फोन आणि आता हे, त्यांचं आपल्या घराण्याबद्दल काही बरं मत राहिलेलं नाही.

तेवढ्यात शेख वळणावर आले. पिंप, तारेने बांधलेली झावळी, गुडघाभर पाण्यात पिंप ओढणारा हमूद आणि ते खालून उचलणारा मी. सगळं त्यांच्या समोर.

"अबू हारिस," ते म्हणाले, "या बाईंना मी सकाळपासून पाचव्यांदा भेटतोय. आता तरी ओळख करून दे."

मी तोंड उघडलं तोच झुवैना धावत आली. शेपटाकडे पाणी एकदम बंद पडलं म्हणून पाटाच्या कडेने पळत आली होती. तिने पिंप पाहिलं. मला पाहिलं. ओढणी खोचली, पाण्यात उतरली आणि म्हणाली, "ओढा." तिघांनी मिळून ओढलं. निघाल्यावर ती हात झटकून परत गेली. ती चार शब्द बोलली असती तर मला बरं वाटलं असतं, जहरान.

संध्याकाळी सबल्यात बैठक. शेखांनी मलाच विचारलं, "तू अरीफ आहेस. या नऊ पाण्यांचं काय करायचं, तूच सांग."

मी उभा राहिलो. हाजिणीचं सगळं सांगितलं, ते तर सगळ्यांना माहीतच होतं. मग जे कुणालाच माहीत नव्हतं, ते सांगितलं. तुला आधी सांगायला हवं होतं. पण सबला मला फोनवर बंद करू शकत नाही.

तुझी झाडं भुंग्याने गेली नाहीत. त्या उन्हाळ्यात माझ्या लिंबांना पाणी कमी पडत होतं. तुझी एक पाळी मी लिंबांना दिली. मग दुसरी दिली. म्हटलं, तो कुठे बघायला येतोय, आणि सावली तर माझ्याच हातात. खांब तोच, दगड तेच, फक्त मी दारं दुसरं मोडत होतो. दोन उन्हाळ्यांत सातही वाळली. भुंगा नंतर आला, मेलेल्या झाडात. तू येऊन खुंटं पाहिलीस आणि मी तुझ्या तोंडावर भुंगा भुंगा करत राहिलो. तुला तेव्हाच कळलं होतं, हो ना? म्हणूनच कॉफी घेतली नाहीस.

मला माफ कर. हे वाक्य लिहायला मी सात वर्षं घेतली. त्यात काही विशेष अवघड नव्हतं असं आता दिसतंय, तरी घेतली.

ठरलं ते असं: नऊच्या नऊ जणांचं पाणी या उन्हाळ्यापुरतं शेपटाला. ऑगस्टअखेरपर्यंत मालकाने स्वतः येऊन, स्वतःच्या हाताने, मुळं मातीत घालून झाड लावलं तर हिवाळ्यापासून त्याचं पाणी त्याला परत. नाही आला तर कायमचं गेलं. भावाने लावलेलं चालणार नाही. हे शेवटचं कलम मीच सुचवलं.

काल तुझी पाळी होती. सावली पाचव्या दगडावर आली, तुझं दारं बांधलं आणि शेपटाकडे पाणी सोडलं. तुझं पाणी मी एकदा चोरलं आणि एकदा देऊन टाकलं, दोन्ही वेळा तुला न विचारता. पाण्याबरोबर चालत गेलो. झुवैना बांधावर बसली होती. पाणी लसूणघासात शिरलं तसा तिने विळा खाली ठेवला आणि म्हणाली, "आलं." घरी येईपर्यंत माझ्या डोळ्यांना धार लागली होती. ऊन फार होतं.

लुपेबाईंना माझा सलाम सांग. त्या अजून बिस्किटं देतात का?

खल्फान

(दुसऱ्या अक्षरात) भाऊजी, हे पत्र त्यांनी चार वेळा फाडलं. हे पाचवं. — रय्या


सुवैरा, २६ ऑगस्ट

जहरान,

याला तिकीट लागलं नाही. तू पलीकडच्या खोलीत घोरतोयस. अजून वडिलांसारखाच घोरतोस, हे मात्र तुला फोनवर सांगता आलं नसतं. पहाटेची नमाज झाली, तुला उठवावंसं वाटलं नाही. आणि समोरासमोर मला बोलता येत नाही हे काल जेवताना तू पाहिलंसच. तीन वेळा घसा खाकरला आणि तीन वेळा तुला आणखी भात वाढला.

तू मात्र बोललास, अगदी मोजकं. आकाशातल्या जागांची नोंद ठेवणाऱ्या त्या कार्यालयाकडून कागद येतो: हा उपग्रह याआधी कुठे होता, यानंतर कुठे जाणार? दर वेळी तू "कामकाजाच्या सोयीनुसार" असं लिहायचास. या वेळी पाचही जागा तारखांसकट लिहून दिल्यास. कंपनीने तुला लांबलचक रजा दिलीय आणि परतीची तारीख सांगितलेली नाही. बेटांना जागा अजून मिळालेली नाही, पण त्यांच्यापुढे आता कुणाचा मसर पडलेला नाही. लुपेबाईंनी निघताना तुला बिस्किटांचा डबाच दिला. रय्याने सकाळीच तो रिकामा करून त्यात वेलदोडे भरलेत. तू काही बोलू नकोस.

तू एवढं करून आलास, तर मलाही एक शेवटचं सांगितलं पाहिजे.

तुझ्या सात झाडांतलं मधलं, वडील ज्याच्याखाली बसून कॉफी घ्यायचे ते, वाळायला लागलं तेव्हा मी घाबरलो. त्याच्या बुंध्याशी एक फुटवा होता, तो काढून आमच्या घरामागे लावला. सात वर्षं रय्या त्याला भांडी धुतलेलं पाणी घालतेय. आता माझ्या खांद्याला लागतो.

एप्रिलमध्ये तो उचलून तुझ्या मळ्यात लावायचा म्हटलं असतं तर एका सकाळचं काम होतं. तुझं पाणी वाचलं असतं. हाजीण या गावात आली नसती, इमामसाहेबांना आज दोन चपला असत्या. रय्या पहिल्या दिवसापासून तेच म्हणत होती. पण मग मी तुला पत्र काय म्हणून लिहिणार होतो? जागा मी तुझी धरून ठेवली होती, पाणी हे निमित्त होतं. त्यापायी झुवैनाच्या दोन बकऱ्या गेल्या, आणि ते पाप माझंच आहे. तिला काल तेही सांगितलं. ती म्हणाली, "मला वाटलंच होतं. एवढा मूर्ख माणूस फुकट मूर्खपणा करत नाही."

फुटवा मी खणून काढलाय, दाराशी ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवलाय. खड्डा तुझा तू खण, माझा हात लागलेला चालायचा नाही. आज त्या बाजूची पाळी झुवैनाची आहे. पहिलं पाणी ती आपल्या वाट्यातून देते म्हणाली. मी खांबापाशी आहे. सावली सातव्या दगडावर आली की ती दारं मोडेल आणि तुझ्यासाठी क्षणभरही थांबणार नाही, तेव्हा लवकर ऊठ.

हे पत्र कॉफीच्या दल्ल्याखाली ठेवतोय. कॉफी गरम आहे. या वेळी पिऊन नीघ.

खल्फान